रिमेंबर द टायटन्स : खरा किती, गोड किती?

तिरपागडा

हा चित्रपट मी पहिल्यांदा अर्धाच पाहिला, तोही कंपनीच्या खर्चाने. लोणावळ्याला एका रिसॉर्टमध्ये टीम बिल्डिंगचे दोन दिवस होते. दुपारचं जेवण अंगावर आलेलं, एसी गार पडलेला आणि पडद्यावर डेन्झेल वॉशिंग्टन पोरांना पहाटे तीनला उठवून अंधारातून पळवतोय. धापा टाकत सगळे गेटिसबर्गच्या स्मशानभूमीपाशी येतात, तो अमेरिकेच्या यादवी युद्धात मेलेल्यांबद्दल बोलतो, माझ्या अंगावर काटा येतो न येतो तोच ट्रेनरबाईंनी पॉज दाबला. "तर यातून आपण काय घेणार?" एकाने कम्युनिकेशन सांगितलं, एकाने लीडरशिप. बाईंनी दोन्ही फळ्यावर लिहिलं. वंशभेद हा शब्द कोणी काढला नाही. मीही नाही, मला चहाची घाई होती.

परवा रविवारी वडिलांसोबत पूर्ण पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साल १९७१, व्हर्जिनिया राज्यातलं अलेक्झांड्रिया शहर. काळी-गोरी मुलं एकाच शाळेत आणली जातात. टी. सी. विल्यम्स हायस्कूलच्या फुटबॉल टीमचा (आपला नव्हे, त्यांचा, हेल्मेटवाला) मुख्य कोच म्हणून हर्मन बून या काळ्या माणसाला नेमतात आणि शहराचा लाडका गोरा कोच बिल योस्ट त्याच्या हाताखाली येतो. गेटिसबर्गला कॅम्पला जाताना मुलं वेगवेगळ्या बसमधून जायला बघतात, परत येताना एकत्र गात येतात. शहर मात्र होतं तिथेच असतं. पुढे सामने, भांडणं, अपघात, विजय. दिग्दर्शक बोआझ याकिन, निर्मिती जेरी ब्रुकहायमरची, डिस्नेने २००० साली आणला.

हॉस्पिटलच्या प्रसंगाला वडिलांनी चष्मा काढून पुसला. ते एसटीत कंडक्टर होते, सहसा पिक्चर बघून रडत नाहीत. मीही घसा खाकरला. आणि मग मला माझाच राग आला. दोन आठवड्यांच्या कॅम्पमध्ये माणसं अशी बदलतात? की बदललेली दिसली की आपलं काम भागतं? तुम्हाला काय वाटलं ते लिहा. शेवट सांगायला हरकत नाही, २५ वर्षं होऊन गेली.

सदाफुली

माझा अतिशय लाडका चित्रपट! किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही. योस्टची ती नऊ वर्षांची फुटबॉलवेडी मुलगी शेरिल, जी बाहुल्यांशी खेळायला नको म्हणते आणि वडिलांना डावपेच सांगते, ती म्हणजे मी. (बाबांना सांगू नका.) हेडन पॅनेटिएरने काय काम केलंय! आणि रायन गॉसलिंग ओळखलात का? डिफेन्समध्ये मार खाणारा, सारखा नाचणारा पोरगा तोच.

रडल्याचा राग कशाला येऊ द्यायचा हो? कधीतरी चांगलं बघून रडावं.

मैदानी

खेळाच्या बाजूने लिहितो, कारण तिथे पटकथेने बऱ्याच कोलांट्या मारल्यात.

टायटन्स, म्हणजे टी. सी. विल्यम्सची टीम, त्या सीझनला १३ पैकी १३ सामने जिंकले, राज्याचे विजेते झाले. हे सगळं खरं. पण चित्रपटात रोअनोकची फायनल मार्शल हायस्कूलशी होते आणि शेवटच्या क्षणाला जिंकली जाते. प्रत्यक्षात फायनल होती सेलमच्या अँड्र्यू लुइस हायस्कूलशी आणि ती टायटन्सनी २७-० अशी मारली. कसली चुरस नि कसलं काय. मार्शलशी सामना झाला तो सीझनच्या मध्ये, आणि वर्षभरात अटीतटीचा म्हणावा असा बहुधा तेवढाच.

दुसरं, टीमचा गोरा कप्तान गेरी बर्टियर याचा अपघात. चित्रपटात तो फायनलच्या आधी होतो, म्हणजे टीम त्याच्याविना, त्याच्यासाठी खेळते. खरा गेरी फायनल खेळला होता. अपघात नंतर झाला, डिसेंबरमध्ये, टीमच्या सत्काराचं जेवण झालं त्या रात्री. कमरेखालचं शरीर गेलं. पुढे त्याने व्हीलचेअरवरच्या खेळांत गोळाफेक आणि थाळीफेकीत पदकं मिळवली. १९८१ मध्ये एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने त्याच्या गाडीला ठोकलं, त्यात गेला. वय २७. चित्रपट सुरू होतो तो त्याच्याच अंत्यविधीपासून.

आणि गेटिसबर्गच्या भाषणात कोच म्हणतो की इथे पन्नास हजार माणसं मेली. तो आकडा १८६३ च्या त्या तीन दिवसांतल्या मृत, जखमी आणि बेपत्ता अशा सगळ्यांचा मिळून आहे. मेलेले त्याहून पुष्कळ कमी. पहाटे तीनला हे कोण तपासणार म्हणा.

उगाच_एक

मैदानीशेठ, २७-० वरचं तुमचं वाक्य पुढे नेतो. सामने एकतर्फी का झाले? कारण शहराच्या शिक्षण खात्याने त्या वर्षी तीन हायस्कुलांचे अकरावी-बारावीचे सगळे विद्यार्थी एका टी. सी. विल्यम्समध्ये आणले. नववी-दहावी बाकीच्या दोन शाळांत. तीन शाळांचे सगळ्यात दांडगे गडी एका टीममध्ये! समोरच्या शाळेने काय करायचं? सत्यनारायण घालायचा?

म्हणजे जो निर्णय पटकथेत संकट म्हणून येतो, त्याच निर्णयाने टीम अजिंक्य झाली. डिस्नेला हे सोयीचं नाही. त्यांना कोचच्या भाषणाने जिंकायचं होतं.

वर हा चित्रपट पोराबाळांसह बघता यावा म्हणून त्यातली भाषा अशी काही धुऊन काढली आहे की १९७१ च्या दक्षिणेत लोक एकमेकांकडे फक्त रागाने बघत असत असं वाटावं. बूनच्या घराच्या खिडकीतून वीट येते ना? खरे बून सांगायचे की वीट नव्हती, संडासचं भांडं फेकलं होतं. वीट बरी दिसते पडद्यावर. विटेत निदान अब्रू आहे.

सदाफुली

ई!! पण हे वाचल्यावर तो प्रसंग जास्त भयंकर वाटायला लागला. ठेवायला हवं होतं तसंच.

पोटोमॅककाठ

नमस्कार. मी अठरा वर्षं उत्तर व्हर्जिनियात आहे, ही शाळा आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर, किंग स्ट्रीटवर. माझ्या मुलाला सातवीत वर्गात हाच चित्रपट दाखवला होता, इकडे पुष्कळ शाळांत दाखवतात. त्याने घरी येऊन विचारलं, "आई, म्हणजे १९७१ च्या आधी इथे काळी मुलं शाळेतच येत नव्हती?" तेव्हा मी शोधाशोध केली. उगाच_एक यांनी अर्धं सांगितलंच आहे, उरलेलं मी लिहिते.

वेगवेगळ्या वंशाच्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९५४ मध्ये. व्हर्जिनियाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं, मानायचा नाही. त्या धोरणाला त्यांनी नावच 'मॅसिव्ह रेझिस्टन्स' दिलं होतं. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ पासून १९६४ पर्यंत सगळ्या सरकारी शाळा कुलूप लावून बंद ठेवल्या, पण मुलं एकत्र बसू दिली नाहीत. गोऱ्या मुलांना खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांची वर्षं गेली ती गेली.

अलेक्झांड्रियात फेब्रुवारी १९५९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली. काळ्या मुलांचं पार्कर-ग्रे हायस्कूल १९६५ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी टी. सी. विल्यम्स उघडलं, आणि तिथे पहिल्या दिवसापासून दोन्हीकडची मुलं होती. म्हणजे १९७१ मध्ये मुलं एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा बघत होती असं चित्रपट भासवतो, तसं नव्हतं. सुरुवातीला दुकानदाराने काळ्या मुलाला गोळी घातल्यावर दंगल पेटते, त्यामागची खरी घटना मे १९७० ची.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. शाळेला ज्यांचं नाव होतं ते टी. सी. विल्यम्स कोण? शहराच्या शाळांचे कित्येक वर्षं प्रमुख असलेले गृहस्थ, आणि मुलांना एकत्र बसवायला त्यांचा कडवा विरोध. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका काळ्या बाईंनी आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दाव्यात नाव दिलं, तर यांनी त्यांना कामावरून काढलं. अशा माणसाचं नाव छातीवर मिरवत ती पोरं अख्ख्या राज्यात खेळली. चित्रपटात याचा उच्चार नाही. नाव बदलायला २०२१ उजाडलं. आता अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल. टीम मात्र अजून टायटन्सच.

तिरपागडा

ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. शाळेचं नाव चित्रपटात पन्नासेक वेळा तरी येत असेल. एकदाही शंका आली नाही की हा कोण बुवा.

मैदानी

आपल्याकडे तरी कुठे येते? अर्ध्या स्टेडियमांची नावं आठवून बघा.

आळूवडी

मी वेगळ्या कारणासाठी लिहिते. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, क्रिकेट कोचिंगला जातो. कोच बून पाणी मागणाऱ्या मुलाला पाणी नाकारतो तो प्रसंग आठवतोय? योस्ट मध्ये पडतो, पण आपण प्रेक्षक बूनच्या बाजूने असतो, कारण डेन्झेल आहे. माझ्या मुलाचे कोच भर एप्रिलात पोरांना असंच पळवतात आणि विचारलं तर याच चित्रपटाचं नाव घेतात. खोटं नाही सांगत. एकदा मुलगा उलट्या करत घरी आला. कोचिंग बदललं.

म्हणून विचारते, या बूनसाहेबांचं पुढे काय झालं?

उगाच_एक

१९७९ मध्ये खेळाडूंना देत असलेल्या वागणुकीच्या तक्रारींवरून त्यांना कोचपदावरून काढलं. चित्रपट आला तेव्हा ही जुनी गोष्ट झाली होती. नंतर ते देशभर व्याख्यानं देत फिरले. लोक डेन्झेलला टाळ्या वाजवायला यायचे, त्या यांना मिळायच्या.

पोटोमॅककाठ

तुमचं म्हणणं मान्य, पण बूनना एवढ्यावर निकालात काढू नका. त्यांची आधीची गोष्ट चित्रपटात एका वाक्यात उरकली आहे. नॉर्थ कॅरोलायनात विल्यमस्टनला काळ्या मुलांच्या शाळेत ते कोच होते आणि तिथे त्यांची टीम जवळजवळ हरतच नसे. मग शाळा एकत्र झाल्या आणि त्यांना सांगण्यात आलं की काळा मुख्य कोच गावाला चालणार नाही, सहायक म्हणून राहा. म्हणून ते १९६९ मध्ये अलेक्झांड्रियाला आले.

दक्षिणेत हे सर्रास झालं. एकत्रीकरण म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद, गोऱ्यांची चालू. मुलं गेली, पण त्यांचे मुख्याध्यापक, शिक्षक, कोच हजारोंनी बेकार झाले. ज्या सुधारणेसाठी त्यांची पिढी झगडली तिनेच त्यांची नोकरी खाल्ली. चित्रपटात योस्टची खुर्ची काळ्या माणसाला जाते म्हणून पालक हाय खातात. प्रत्यक्षात खुर्च्या उलट्या दिशेने जात होत्या, आणि त्यावर कोणी सिनेमा काढलेला मला तरी दिसला नाही.

आळूवडी

हे वाचून बूनबद्दल वाईट वाटलं. पाणी मात्र द्यायलाच हवं होतं.

डांबिस_काका

धागा सकाळपासून वाचतोय. अमेरिकेचं चाललंय ते चालू द्या, पण आमच्या पुण्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून हा उपद्व्याप.

पळवणकर बाळू. चर्मकार समाजातले. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचे, जाळी लावायचे. तिथे ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज सरावाला लवकर येई आणि बाळू त्याला गोलंदाजी करत. डावखुरा फिरकी. बातमी शहरात पोचली. हिंदूंच्या क्लबाला इंग्रजांना हरवायचं तर होतं, पण या माणसाला संघात घ्यावं की नाही यावर वाद माजला. शेवटी घेतलं. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे हाताळायचे. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये कपबशीत चहा पीत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात.

१९११ ला हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाने मार खाल्ला, बाळूंनी शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, तेही भांडून. आणि पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे होते, पडले. सरळ रेषेत आयुष्य जात नाही कोणाचं.

आता सांगा, कोणता पिक्चर काढायचा?

निवांत_वाचक

काका, माहिती छान पण जात आणि वंश एकच का? तिकडे रंग दिसतो, इकडे दिसत नाही. गुलामगिरीचा इतिहास वेगळा, कायदे वेगळे. प्रत्येक धाग्यावर गाडी जातीवर आणायची फॅशन झाली आहे. मूळ विषय चित्रपटाचा आहे.

डांबिस_काका

एक आहे असं मी कुठे म्हटलं? मी भांड्याबद्दल बोललो. चित्रपटात कॅम्पच्या मेसमध्ये काळी मुलं एका बाजूला, गोरी दुसऱ्या बाजूला जेवतात ना? बून तेच पहिलं मोडायला जातो. रोज दुसऱ्या रंगाच्या एकाशी बोलायचं, त्याच्या घरची माहिती आणायची, नाहीतर दिवसाला तीनदा सराव. ही पंगतच झाली की. आपल्याकडे अनंत हरी गद्रे झुणका-भाकरीची सहभोजनं घालत हिंडले ते काय भूक लागली होती म्हणून?

निवांत_वाचक

पंगतीचा मुद्दा पटला. बाकी माझं मत कायम.

तिरपागडा

हाणामारी नको, दोघांनाही धन्यवाद. मला तुमच्यामुळे एक गोष्ट दिसली. मेसमध्ये बोलायची सक्ती झाल्यावर काहीच बदलत नाही. पोरं तोंडदेखली माहिती गोळा करतात. बदलतं ते टीममधला काळा ज्युलियस आणि गेरीची बाचाबाची होते तेव्हा. गेरी त्याला सुनावतो की तू टीमसाठी खेळत नाहीस. ज्युलियस म्हणतो, तुझी गोरी पोरं आमच्या माणसासाठी ब्लॉक करत नाहीत (म्हणजे त्याच्यावर येणाऱ्यांना अडवत नाहीत), तू कप्तान आहेस, तुला दिसतंय आणि तू गप्प आहेस, मग मी का मरू? तिथे भाषण नाही, पार्श्वसंगीत नाही, दोन घामट पोरं एकमेकांवर खेकसतायत. आमच्या ट्रेनरबाईंनी नेमका हाच प्रसंग पुढे ढकलून टाकला होता, वेळ कमी होता म्हणून.

उगाच_एक

चला, या धाग्यावर पहिल्यांदाच चित्रपटाच्या बाजूने बोलतो. त्या भांडणानंतर गेरी आपल्याच जुन्या मित्राला, रेला, सरावात ब्लॉक चुकवताना पकडतो आणि सगळ्यांसमोर झापतो. पुढे सामन्यात रे मुद्दाम ब्लॉक सोडतो आणि क्वार्टरबॅक (चेंडू खेळवणारा मुख्य गडी) जायबंदी होतो, तेव्हा गेरी कोचशी बोलून रेला टीममधून काढतो. त्याची मैत्रीण ज्युलियसशी हात मिळवत नाही. आईला ही दोस्ती खपत नाही. म्हणजे त्याला किंमत मोजावी लागते, आणि ती पडद्यावर दिसते. रे हे पात्र काल्पनिक आहे बहुतेक, पण चित्रपट उभा आहे तो त्याच्यावर.

माझी तक्रार एवढीच की किंमत मोजली गोऱ्या पोराने, म्हणून गोष्ट त्याची झाली. ज्युलियसच्या घरी काय चाललं होतं? त्याच्या वस्तीतली पोरं त्याला काय म्हणत होती? त्याला आई होती का? आठवतंय कोणाला?

सदाफुली

...नाही आठवत. आत्ता डोक्याला ताण देऊन बघितला.

(पण हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणते फक्त नातेवाईक, आणि गेरी म्हणतो दिसत नाही का, भाऊ आहे माझा. तिथे मी रडणारच. किंमत कोणाचीही असो.)

पोटोमॅककाठ

त्या दोघांची दोस्ती खरी होती. ज्युलियस कँपबेल गेले जानेवारी २०१९ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात योस्ट आणि डिसेंबरमध्ये बून. तिघं एका वर्षात. इथल्या स्थानिक बातम्यांत दर वेळी चित्रपटातली दृश्यं लावायचे. खऱ्या माणसाचा फोटो छोटा, नटाचा मोठा.

शेरिलबद्दल सदाफुलीला सांगायचं टाळत होते, पण सांगते. योस्टना चार मुली होत्या. शेरिल १९९६ मध्येच वारली, हृदयाच्या आजाराने. तिने हा चित्रपट पाहिला नाही.

सदाफुली

अरे देवा.

मैदानी

अवांतर: यातलं ट्रेव्हर रेबिनचं संगीत २००८ ला ओबामांच्या शिकागोतल्या विजयाच्या भाषणानंतर वाजवलं होतं. रेबिन मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. वर्णद्वेषी राजवटीत वाढलेल्या माणसाने बांधलेली चाल, काळ्या राष्ट्राध्यक्षासाठी. असं पटकथेत लिहिलं तर म्हणतील फारच जमवून आणलं.

डावा_कोपरा

मी वाचनमात्र असतो. काकांनी भांड्याचं लिहिलं म्हणून लॉगिन केलं.

आमच्या गावच्या कबड्डी संघात वस्तीतली आम्ही तीन पोरं होतो. मी डावा कोपरा. ज्यांनी कबड्डी खेळली आहे त्यांना माहीत असेल, कोपऱ्याला शेजारच्याचा हात धरून साखळी करावी लागते. माझा हात कप्तानाच्या हातात. घामाने निसटू नये म्हणून आम्ही माती लावायचो. दोन वर्षांत त्याच्या हाताच्या नुसत्या ओढीवरून मला कळायचं की तो पकडीला जाणार आहे की थांबणार आहे. बोलायची गरज नसायची.

तालुक्याला जिंकलो तेव्हा कप्तानाच्या घरी जेवण होतं. मटण. सातजण आणि राखीव खेळाडू. बाकीचे माजघरात बसले, आम्हा तिघांची ताटं ओसरीवर. कोणी काही बोललं नाही. अपमान केला असंही नाही, उलट त्याच्या आईने आम्हाला आग्रह करकरून वाढलं. रस्सा दोनदा. फक्त ताटं पत्रावळीची होती आणि जाताना ती आम्हीच उचलली. कप्तान आत दाराजवळच बसला होता. त्याला मी दिसत होतो. मला तो दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सराव. पुन्हा साखळी, पुन्हा त्याचा हात.

तिरपागडा, तुम्ही विचारलंत कॅम्पमध्ये माणसं बदलतात का. मैदानात बदलतात. मला त्याच्यावर शंका घ्यावीशी कधी वाटली नाही, आजही नाही. गेरीने रेला टीममधून काढलं. आमच्या कप्तानाला कोणाला काढावं लागलं असतं? आईला. सतरा वर्षांचा होता तो.

आळूवडी

काय लिहू कळत नाही. लिहिलंत म्हणून धन्यवाद.

निवांत_वाचक

डावा_कोपरा, माझा वरचा "फॅशन" हा शब्द मागे घेतो.

डावा_कोपरा

अहो राहू द्या. तुम्ही चित्रपटावर बोलत होता.

उगाच_एक

गेरीची आई चित्रपटात शेवटी बदलते. अपघातानंतर. मला ते नेहमी पटकथाकाराने केलेलं सेटिंग वाटायचं, की बाई बदलायला पोरगा व्हीलचेअरवर बसवावा लागतो. आता डोक्यात दुसरंच काहीतरी फिरतंय. पुन्हा बघावा लागणार.

तिरपागडा

वडिलांना हा धागा वाचून दाखवला, नावं गाळून. ओसरीचं ऐकल्यावर म्हणाले, आमच्या डेपोत पाण्याचा माठ एकच होता, पण ओगराळं दोन होती. मी विचारलं कोणासाठी. म्हणाले, लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत हे मला पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्या ओगराळ्याने ते कधी पाणी प्यायले का, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

सदाफुली

विचारा ना. आजच.

डावा_कोपरा

आमच्या जुन्या संघाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दिवाळीच्या शुभेच्छा, कोणाच्या पोराचं लग्न, प्रो कबड्डीच्या क्लिपा, एवढंच चालतं. काल रात्री त्यावर मी मेसमधला प्रसंग टाकला. काही लिहिलं नाही सोबत. नऊ जणांनी पाहिल्याचं दिसलं, कोणी काही बोललं नाही. एकाने त्याखालीच कुठल्या तरी सामन्याचा स्कोअर टाकला.

साडेअकराला कप्तानाचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला वेगळा. "पिक्चरचं नाव काय?"

नाव लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा दिसतायत.